भिंत फोडू न देणारे मामा

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याला वाटून उरेल एवढा संताप देवाने एकाच माणसाच्या अंगात भरला, आणि तो माणूस नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. उचगावात राहणारे हे माझे मामेसासरे उंच इमारतींच्या पाइपांमधली गळती शोधतात. पाइपातलं पाणी काढून टाकायचं, नायट्रोजनमध्ये जरासा हायड्रोजन मिसळलेला वायू त्यात भरायचा, आणि बोटाएवढी नळी असलेलं एक यंत्र भिंतीवरून, फरशीवरून सावकाश फिरवत न्यायचं. हायड्रोजन इतका हलका की पाइपाला जिथे चीर असेल तिथून तो फरशीच्या सांध्यातून वर येतो, यंत्र किंचाळायला लागतं, आणि तेवढीच एक फरशी काढली की काम झालं. इतकं नाजूक काम करणारा माणूस स्वभावानेही नाजूक असेल, असं आपल्याला वाटतं. मामा कामाला जाताना चिडलेले असतात आणि परतताना त्याहून जास्त चिडलेले असतात.

त्यांचा पहिला राग हातोड्यावर. गळती म्हटलं की हातोडा उचलणारे प्लंबर, त्यांना उचलू देणारे घरमालक आणि पाइपांचा नकाशा न ठेवता पसार होणारे बिल्डर या तिघांना एका ओळीत उभं करून ते झाडतात. “आधी फोडत्यात आन् मग हुडकत्यात! डॉक्टर आधी पोट फाडून मग कुठं दुखतंय म्हणून इचारतो व्हय?” ‘अंदाजे’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. एका बाईंनी मामांच्या वायूच्या सिलिंडरचा स्फोट तर होणार नाही ना, असं भीत भीत विचारलं, तर म्हणाले, “स्वयंपाकघरात रोज पेटिवता त्यो काय उदबत्तीचा धूर हाय का? ह्यात हायड्रोजन चिमूटभरच, ह्यो पेटत न्हाय!” आमच्या मेहुणीच्या लग्नात मंगलाष्टका चालू असताना मामा हॉलच्या भिंतीला कान लावून उभे होते. अक्षता त्यांनी नवरानवरीवर टाकल्याच नाहीत. ओल आलेल्या कोपऱ्यावर रागाने भिरकावल्या आणि तिथेच मॅनेजरला बोलावणं धाडलं.

पण या माणसाची सगळ्यात अजब गोष्ट म्हणजे मिसळीचं पथ्य. कोल्हापुरात जन्मून हा गृहस्थ कामाच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी मिसळ खात नाही. कडधान्य पोटात गेलं की तिथेही हायड्रोजन तयार होतो आणि माणसाच्या श्वासातून येतो, म्हणजे यंत्राची दिशाभूल, असं त्यांचं शास्त्र. मला हा शुद्ध चावटपणा वाटायचा. जावयाच्या पुढ्यातली मोडाची उसळ उचलून नेणारा मामेसासरा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आता माझ्या स्वतःच्या संतापाकडे येतो, कारण तोही कमी नव्हता. आमची इमारत अकरा मजल्यांची. सहाव्या मजल्याच्या छताला ओल आली आणि पाणी वरून खालीच येतं या न्यायाने सगळ्यांनी सातव्या मजल्याकडे बोट दाखवलं. तिथे जयसिंगपूरच्या आक्का एकट्या राहतात. मुलगा बंगळुरात. मी सोसायटीचा सेक्रेटरी, राहायला आठव्या मजल्यावर. आक्कांना नोटीस मीच लिहिली, एक नाही, तीन. ‘आपल्या निष्काळजीपणामुळे’ ही शब्दरचना माझीच, आणि मला तिचा अभिमानही होता. शेवटी त्यांचं न्हाणीघर फोडायचा ठराव झाला. बायकोला हे कळताच तिने मला न विचारता मामांना फोन केला.

मामा आले. आक्कांच्या दारात अध्यक्ष, हातोडा घेतलेला प्लंबर आणि मी. न्हाणीघरात पाऊल टाकताच मामा थबकले. फरशी खडखडीत कोरडी, नळाला फडकं बांधलेलं, कोपऱ्यात परात. “आक्का, इथं आंघोळ कोण करत न्हाय?”

“परातीत बसून करतो की,” आक्का म्हणाल्या. “तांब्याभर पाण्यात हुतंय. मग फडक्यानं पुसून घेतो. खालच्यांच्या छताला लागाय नको.”

“कवापास्नं?”

“पयली चिठ्ठी आली तवापास्नं.”

मामांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी वायू भरला, यंत्र सुरू केलं, नळी भिंतीजवळ नेली. तेवढ्यात नीट दिसावं म्हणून मी त्यांच्या खांद्यावरून वाकलो आणि यंत्र किंचाळलं. “सापडली!” अध्यक्ष ओरडले. प्लंबरने हातोडा उचललासुद्धा. “हातोडा खाली!” मामा गरजले आणि माझ्याकडे वळले. “पावणं, काल काय खाल्लं?” खोटं बोलून उपयोग नव्हता. मिसळ. काल दोनदा आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा. मला सगळ्यांदेखत लिफ्टपाशी हाकललं गेलं, आणि मी जाताच यंत्र गप्प झालं. पाइपातला दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा तासभर तसूभरही हलला नाही, म्हणजे वायू कुठूनही निसटत नव्हता. आक्कांचे पाइप ठणठणीत होते.

“वर कोण ऱ्हातंय?” मामांनी विचारलं. प्लंबरने लिफ्टच्या दिशेला बोट केलं.

माझ्या घरी वायू भरला, तर काटा बघता बघता उतरला आणि गीझरच्या मागे यंत्राने आकांत मांडला. तिथून पाणी भिंतीच्या आतून आक्कांना चुकवून सरळ सहाव्यावर जात होतं. एक फरशी निघाली, चिरलेला तुकडा बदलला. संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं.

मग मामा मला घेऊन आक्कांकडे गेले. मी माफी मागितली. तीन पानं नोटिसा लिहिणाऱ्याला तीन शब्दही धड जुळवता आले नाहीत. आक्का म्हणाल्या, “असू दे, तुमास्नी काय म्हाईत. च्या घ्या.” मामा आत गेले, नळाचं फडकं सोडलं आणि नळ पुरा उघडला. पाणी फरशीभर पसरलं. “या आक्का, हुबं ऱ्हावा हितं,” ते म्हणाले. आक्का बराच वेळ उंबऱ्याशी उभ्या होत्या. मग लुगड्याचा काठ जरा उचलून त्यांनी एक पाय पाण्यात ठेवला, दुसरा ठेवला, आणि तशाच उभ्या राहिल्या. मला तिथे बघवेना.

परतताना लिफ्टमध्ये मी मान खाली घालून वाट बघत होतो. आता फुटतील, मग फुटतील. मामा फुटले नाहीत. त्या नोटिसांबद्दल ते ना माझ्या बायकोजवळ बोलले, ना माझ्याजवळ. परवा जेवायला आले होते, मीठ कमी पडलं म्हणून घर डोक्यावर घेतलं. जगातल्या प्रत्येकाला फाडून खाणारा हा माणूस. त्याने एकदा, फक्त एकदा, त्या तीन कागदांवरून मला चारचौघांत झापावं, अशी मी अजून वाट बघतोय.