अडीच सुताचं चक्र

‘चालतंय’ या शब्दाची मला शिसारी आहे. आमच्या घरात तो इतक्यांदा कानावर येतो की जेवताना घास खाली उतरत नाही. म्हणणारा माझा मोठा भाऊ, धंद्याने सुतार. लाकडावर आपोआप नक्षी कोरणारं छोटं सीएनसी मशीन मी घरीच जोडलं आणि त्यावरचं पहिलं काम मिळालं ते वस्तीतल्या विहाराच्या फाटकावरचं धम्मचक्र. लोक ते नांदेडहून करून आणणार होते. आईने मध्ये पडून आम्हाला मिळवून दिलं आणि मला बजावलं, “समद्या वस्तीसमोर माझं नाक कापू नको.”

कोरणारं पातं सरकवायला मशीनला लांबीचा एक स्क्रू, रुंदीचा एक, आणि प्रत्येकाला फिरवणारी स्टेपर मोटर. आमची मोटर एका फेऱ्यात सोळाशे बारीक पावलं टाकते. तेवढ्या एका फेऱ्यात स्क्रू पातं जितके मिलिमीटर सरकवतो, त्याने सोळाशेला भागायचं आणि आलेला आकडा मशीनला द्यायचा. एवढंच गणित. लांबीचा स्क्रू मी बसवला: फेऱ्याला आठ मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरला दोनशे पावलं. रुंदीचा बसवायचा होता त्या दिवशी मी लाकूड आणायला आखाडा बाळापूरला गेलो, आणि भिंतीवर मी खडूने लिहिलेलं गणित पाहून दादाने तो बसवून टाकला. एका फेऱ्यात स्क्रू किती सरकवतो ते मोजलं आपल्या सुतारी टेपने. अडीच सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुतांचे मिलिमीटर आठाला किंचित कमी भरतात. त्याने तेच धरून आकडा भरला.

चक्र दोन फुटी कापलं तेव्हा त्या किंचितचे जवळजवळ पाच मिलिमीटर झाले. उभं बरोबर, आडवं जास्त. फाटकावर वेल्डिंगवाल्याने गोल कडं आधीच बसवलेलं होतं. चक्र त्यात शिरेना.

“काहून तोंड पाडून बसला?” दादा म्हणाला. “चालतंय. खालून कोण टेप लावून पाहून राहिलं?”

“दादा, चक्र हाय ते. गोल नको?”

“मंग कर दुसरं.”

इतक्या लवकर तो कधीच ऐकत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी आकडा सुधारला, उरलेल्या फळीतून दुसरं कापलं, उभं-आडवं-तिरपं मोजून पाहिलं. अस्सल गोल. चादरीत गुंडाळून विहारात नेलं.

फाटकाखाली माणसं जमली होती. पहिलंच चक्र वर बसलेलं होतं, फुलांचा हार घालून. दादाने वेल्डिंगवाल्याला बोलावून कडंच ठोकून लांबट करून घेतलं होतं आणि वर सोनेरी रंग फासला होता. “मशीनचं काम, काय बराबर गोल आलंय,” लोक म्हणत होते. मला त्या कौतुकाची शिसारी आली. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली तेव्हा त्या हाताचीही किळस आली. आता खरं गोल चक्र त्या लांबट कड्यात नीट बसणार नव्हतं.

आई हात जोडून उभी होती. तिला बाजूला घेऊन मी चादर उघडली. तिने नव्या चक्राच्या कडेवरून बोट फिरवलं, मग वर फाटकाकडे पाहिलं, बराच वेळ. तिला कळलं होतं.

“झाकून घे,” ती हळूच म्हणाली. “लोकं पाहून राहिले.”

मी झाकलं.