आईच्या नखांची तपासणी

दुसरी मुलगी झाली तेव्हा मी बाळंतपणाला ताडकळसला माहेरी होते. थोरल्या नातीला आईनं स्वतः न्हाऊमाखू घातलं होतं. हिला मात्र तिनं हातसुद्धा लावला नाही. शेजारच्या मावशींना बोलावलं आणि आपण लांबून सूचना देत बसली. पुन्हा मुलगीच झाली म्हणून आई नाराज आहे, असं मी मनाशी पक्कं केलं.

सव्वा महिना सरता सरता एकदा कपडे पिळताना तिचा डावा हात दिसला. एरवी तो पदराआड असायचा. दोन नखं जाड, पिवळी, खालून भुगा सुटलेली.

"महारोग असंल तर? लेकराला लागंल की," ती म्हणाली.

मला रडूच आलं, आणि तिचा रागही आला. इतके दिवस एकटीनं हे पोटात ठेवायचं म्हणजे काय!

परभणीला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. निघायच्या आधी आईनं ती नखं मुळापर्यंत कापली, लिंबानं घासली आणि वर मेंदी लावली. डॉक्टरपुढं घाणेरडे हात घेऊन जायचं म्हणजे तिच्या लेखी घराण्याची अब्रू गेली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "आजी, तपासायचं तेच घरी टाकून आलात."

महारोग नाही, हे त्यांनी तिथंच सांगितलं. बुरशी असावी, पण प्रत्येक जाड नख बुरशीचं नसतं आणि गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतात, म्हणून तपासल्याशिवाय त्या देईनात. आईचा हात परत पदराआड गेला.

नखं वाढेपर्यंत मी माहेरीच राहिले. सासरचे फोन येत होते, मी काहीबाही सांगत होते.

पुन्हा गेलो तेव्हा नख कातरून, खालचा भुगा खरवडून घेतला. तो औषधात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर बुरशीचे धागे दिसले. थोडा नमुना बुरशीची जात ओळखायला वाढवत ठेवला; त्याला काही आठवडे लागणार होते. हात सतत ओले राहिले की ती नखात शिरते, असं बाईंनी समजावलं.

आईनं त्यातलं किती ऐकलं कोण जाणे. "नातीला घेऊ का मी?" तिनं विचारलं.

"घ्या की. हात कोरडे ठेवा. आंघोळ तेवढी दुसऱ्यांना घालू द्या."

आईनं माझ्या मांडीवरून पोर उचलली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"लय तरसले गं माय तुह्यासाठी," ती तिला म्हणाली.