नेव्याना सुईणीची नाणी

माझ्या सासूबाई नेव्याना या डॅन्यूब नदीकाठच्या आमच्या बेलोकामेन गावच्या सुईण. गावातलं चाळिशीच्या आतलं जवळजवळ प्रत्येक माणूस त्यांच्या हातून जगात आलेलं. नवरा लवकर गेला, एक मुलगा कामेन, आणि त्याची बायको मी, गिंका. बाई अंगाने किरकोळ, पण हात मात्र पुरुषासारखे रुंद आणि नेहमी ऊबदार.

आमच्या गावाखाली रोमन लोकांचं शहर गाडलेलं आहे. नांगर जरा खोल गेला की विटा, खापरं, कधी नाणी वर येतात. पूर्वी त्याचं कोणाला अप्रूप नव्हतं, पोरं बेचकीतून नाणी मारायची. वेलिका नावाच्या बाईचं पहिलं बाळंतपण फार अवघड गेलं. आई-मूल दोन्ही वाचली, तेव्हा तिने सासूबाईंना आपल्या मक्याच्या शेतात सापडलेलं एक चांदीचं नाणं दिलं. त्याच्यावर खुर्चीत बसलेली एक बाई होती आणि तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.

सासूबाईंना वाटलं, ही मरियम माता. पाद्रीबाबांनी नाणं डोळ्यांजवळ नेलं आणि घाईघाईने परत केलं. "ही आपली नव्हे. घरात ठेवू नकोस." शाळेतल्या गुरुजींनी मात्र सांगितलं, की ही जुनो, रोमन लोकांची देवी. मूल अंधारातून उजेडात आणते ती.

"म्हणजे माझंच काम करते की," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हापासून बाळंतपणाचं देणं म्हणून त्यांना तीच देवी हवी असायची. कोणी बादशहाच्या तोंडाचं किंवा गरुडाचं नाणं आणलं तर म्हणायच्या, "हे दाढीवाले काय करायचेत? बाळंतपणात यांचा उपयोग काय?" बायका मग शेताशेजाऱ्यांकडे अदलाबदल करून ती बाळवाली देवी शोधून आणायच्या. वर्षानुवर्षं ओंजळभर जमली. काढ्यासाठी वाळवलेली लिंडनच्या झाडाची फुलं ठेवायच्या डब्यात, फुलांच्या खाली, ती असायची. अडलेल्या बाईच्या मुठीत त्या एक नाणं द्यायच्या. "आवळ. हिला दुखत नाही, तू कितीही आवळ."

मग कम्युनिस्टांची राजवट गेली. जवळचा रसायनांचा कारखाना बंद पडला आणि गावचे पुरुष घरी बसले. तेव्हा बाहेरून आस्परुह आला. पूर्वी कुस्त्या खेळायचा, मान एका बाजूला कललेली, म्हणून मागून सगळे त्याला वाकडा म्हणत. त्याने जुन्या शहरावर सरळ बुलडोझर घातला. गावचे पुरुष त्याच्यासाठी खणायला लागले, माझा कामेनसुद्धा. जे निघेल ते वाकड्याकडे जायचं. एकाने एक मूर्ती परस्पर विकली. त्याचं धान्याचं कोठार जळालं आणि तो स्वतः गाव सोडून गेला तो गेलाच. पोलिसांची गाडी यायची, वाकड्याच्या अंगणात थांबायची, हसत-खेळत परत जायची.

त्या हिवाळ्यात मी पोटुशी होते. एक दिवस कामेन घरी आला तो टोपीही न काढता खुर्चीत बसला.

"आई, त्याला तुझी नाणी हवीत. परदेशातलं कोणी गिऱ्हाईक आहे, त्याला नेमकी तीच देवी पाहिजे."

"त्याला कोणी सांगितलं?"

"अख्ख्या गावाला माहीत आहे, आई! सांगायला कशाला पाहिजे?"

"ती माझी नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "बायकांची आहेत."

"हे त्याला जाऊन सांगू मी? त्याला?"

सासूबाई भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलत होत्या, त्या सोलत राहिल्या, पण साल त्यांच्या बोटांतून सारखी निसटत होती.

दोन दिवसांनी आमचा कुत्रा फाटकाशी मेलेला सापडला. तोंडाला फेस होता. त्यानंतर एक काळी गाडी येऊन समोर उभी राहायची, इंजिन चालू. कोणी उतरायचं नाही. मी पडदा सरकवला की सासूबाई खेकसायच्या, "खिडकीपासून लांब हो! पोटाचं भान आहे का?" रात्री कामेन कुऱ्हाड उशाशी घेऊन झोपायचा, आणि ती कुऱ्हाड बघून मला जास्तच भीती वाटायची.

सासूबाईंचे हात थरथरायला लागले होते. एकदा त्यांनी मला तपासायला पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. हात थंडगार होता. "हे हात घेऊन मी बाळंतपण कसं करू गं?" त्या म्हणाल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा तेव्हाच पाहिलं.

जानेवारीत आमच्याकडे सुईणीचा सण असतो. त्या दिवशी गावातल्या लेकुरवाळ्या बायका सुईणीच्या घरी जातात, तिच्या हातावर पाणी घालतात, साबण-टॉवेल देतात, मग खाणंपिणं आणि चावट गाणी. पुरुषांनी घराबाहेर पडायचं नाही. कोणी रस्त्यात सापडला तर बायका त्याची टोपी पळवतात, अजून काय काय पळवतील म्हणतात.

बायका आल्या. कोणी चीजचा थरांचा बानित्सा आणला होता, कोणी राकियाची, घरच्या फळांच्या दारूची, बाटली. हात धुऊन झाल्यावर सासूबाईंनी दार लावलं आणि डबा टेबलावर उपडा केला.

"ज्यांनी दिली त्यांनी परत घ्या. माझ्याच्याने आता राखवत नाहीत."

"नेव्याना आजी, असं कसं?" वेलिका म्हणाली. "दिलेलं परत घेतात का?"

"घे म्हणते ना! माझ्याकडे सापडली तर सगळी जातील. तुमच्याकडे निदान एखादी राहील."

हसणं थांबलं होतं. एकेकीने नाणं उचललं, कोणी चोळीत घातलं, कोणी केसांच्या गाठीत. माझ्या हातात त्यांनी एक ठेवलं. तेवढ्यात फाटक वाजलं आणि खिडकीपाशी बसलेली बाई कुजबुजली, "वाकडा आला. चौघं आहेत बरोबर."

मला काही सुचलं नाही. मी नाणं तोंडात टाकलं.

आस्परुह आत आला. त्याची टोपी पळवायला कोणी उठलं नाही. त्याच्या मागे आमच्याच गावची चार पोरं, माना खाली घालून. त्यांत त्सोलो होता, त्याची आई माझ्या शेजारीच बसली होती.

"सण चालू द्या," आस्परुह गोड आवाजात म्हणाला. "मी सुईणबाईंना शुभेच्छा द्यायला आलो." त्याने डबा उचलला, आत बोट फिरवलं. फुलांचा भुगा जमिनीवर सांडला. "रिकामा? कालपर्यंत भरलेला होता म्हणे."

मग तो माझ्याकडे वळला. "ही सून का? कितवा महिना?"

मी नुसतं बघत राहिले. जिभेखाली चांदीची चव आली होती, लोखंडासारखी.

"मुकी आहे की काय? नाव सांग."

"तिला मळमळतंय," सासूबाई म्हणाल्या.

"मी तिला विचारतोय."

त्याने माझी हनुवटी धरली. मी नाणं गिळलं. घशात अडकलं, डोळ्यांत पाणी आलं, वाटलं इथेच जीव जातो. मग ते खाली उतरलं आणि मी म्हटलं, "गिंका."

त्याने हनुवटी सोडली आणि पोरांना म्हणाला, "झडती घ्या. एकेकीची."

कोणी हललं नाही. त्सोलो आपल्या आईकडे बघत होता. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "ये ना. माझ्यापासून सुरू कर. लहानपणी याच चोळीत तोंड खुपसायचास." कोणी हसलं नाही. त्सोलोचे कान लाल झाले. तो मागे सरला आणि दाराबाहेर गेला. मागोमाग बाकीचेही.

आस्परुह एकटा उरला. तो हसला. त्या हसण्याची भीती मला त्याच्या रागापेक्षा जास्त वाटली. "बरं," तो म्हणाला. "हिवाळा मोठा आहे."

खरंच मोठा होता. आठवडाभराने कामेनला लोकांनी खड्ड्याजवळून उचलून आणलं. उजव्या हाताची बोटं मोडलेली. पडलो, एवढंच तो म्हणाला, आजही तेच म्हणतो. मग वाकडा दारोदार फिरला, आणि बायकांनी एकेक करून नाणी देऊन टाकली. सगळ्यांत आधी वेलिकाने दिलं, कोणी न मागता, स्वतः चालत जाऊन. गावात तिला नावं ठेवली गेली तेव्हा सासूबाई भडकल्या. "तिला तीन लेकरं आहेत. भ्याली. मी भ्याले नव्हते? मी तर माझी भीती उचलून त्यांच्या पदरात टाकली."

हे त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं. तो डबा उपडा केला नसता तर एकट्या आपल्यावर बेतलं असतं, असं त्या म्हणायच्या.

मी गिळलेलं नाणं मात्र वाचलं. ते कसं बाहेर आलं ते सांगत नाही, पण ते येईपर्यंत सासूबाई दिवसातून दहादा माझ्या पोटाला कान लावत होत्या. वसंतात मला मुलगी झाली, शहरातल्या इस्पितळात. सासूबाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. आत यायला तयार झाल्या नाहीत, हात दाखवून म्हणाल्या, "बघ ना, थांबतच नाहीत." त्यानंतर त्यांनी एकही बाळंतपण केलं नाही. नाणं कुठे आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही.

आम्ही शहरात राहायला गेलो. सासूबाई आल्या नाहीत. आस्परुह पुढे राजधानीत गेला, तिथे त्याचं मोठं हॉटेल आहे म्हणतात. त्याचं काहीही वाकडं झालं नाही. जुन्या शहराच्या जागी आता नुसते खड्डे आहेत, त्यांत शेळ्या चरतात.

मी दर रविवारी गावी जायचे. भर दुपारी दाराला आतून कडी असायची. मी हाक मारली की आतून विचारायच्या, "कोण?"

"मी, आई. गिंका."

कडीवर हात पडल्याचं ऐकू यायचं, पण कडी निघायची नाही. मग दाराच्या अगदी जवळून, हळू आवाजात म्हणायच्या, "अजून काहीतरी बोल."