पुताईनंतरचा फोटो

देवासच्या आमच्या इमारतीचा रस्त्याकडचा छज्जा तडकला होता. सळया गंजून बाहेर आलेल्या, आणि बरोब्बर खाली ओट्यावर आमचा भाडेकरू शिंपी मशीन घेऊन बसायचा. त्याने दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, कितीदा सांगितलं, "भिया, ऊपर से गिट्टी गिरे है." दादा म्हणायचा, "मग टोपी घाल."

शेवटी नगर निगमची नोटीस आली. छज्जा दुरुस्त करा, शिवाय दंड भरा. दादाने दुरुस्ती सोडून दंडाशीच भांडण काढलं. आमच्याकडे दिवाळीआधी पुताई होते. भेगेवर चुन्याचा हात फिरवला की भेग गेली, असा आमच्या घराण्याचा आजोबांपासूनचा समज. त्या वर्षी छज्ज्याला दोन हात जास्त दिले. आठवलं की शिसारी येते, पण चुन्याची बादली मीच धरली होती.

"दंडमाफीचा अर्ज तू लिही, तुझी हिंदी शुद्ध आहे," दादा म्हणाला. जन्मभर मास्तरकी केलेला मी. 'सुदृढ़ एवं सुरक्षित' लिहिताना माझा हात जरासुद्धा अडला नाही. फोटोसाठी दादाने शिंप्याला मुद्दाम छज्ज्याखाली बसवलं. "हँस रे जरा." तो हसला. नाही म्हटलं तर आम्ही दुकान खाली करायला लावू ही भीती त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होती, आणि तरी मी फोटो काढला.

निगमचा माणूस रस्त्यावरूनच वर बघून गेला. दंड माफ झाला. दादाने पेढे वाटले, शिंप्यालासुद्धा. थू असल्या पेढ्यांवर!

देवदिवाळी उलटली आणि भर दुपारी छज्जा खाली आला. शिंप्याचा उजवा हात चेचला, कातर धरायचा हात. इस्पितळात त्याच्या बायकोने आमच्याकडे पाहिलंही नाही. बाहेर येऊन दादा म्हणतो, "निगमनेच पास केला होता ना? आपली काय गलती?" चोर तो चोर, वर शिरजोर.

आता दुसरी नोटीस आली आहे. काल दादा ती घेऊन माझ्याकडे आला. "तो फोटो आहे ना अजून? तोच लाव. लिही, की तो स्वतःच्या मर्जीने बसायचा. बघ, हसतोय."

मला दादाची किळस आली. मग स्वतःची आली, कारण मी मोबाइल उघडून तो फोटो शोधायला लागलो होतो.