वणीच्या दुपारी समुद्राचा वास

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा प्यायला जाणारा माणूस आहे. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल, हा पहिल्यापासूनच तसला असेल. वणीजवळ एका कोळसा डेपोवर मी वजनकाटा सांभाळतो. भरलेल्या ट्रकचं वजन, रिकाम्याचं वजन, वजाबाकी... संपलं. पण गेल्या उन्हाळ्यात घरी जे झालं, त्याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

माझी बायको सविता प्राण्यांवर संशोधन करते. माहेर फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावरचं. त्यांच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात, म्हणून आमची तीन वर्षांची ओवीही तिला याडीच म्हणते. सविताचा विषय फर सील – थंड समुद्रातला, दाट लव असलेला प्राणी. गेल्या वर्षी तिला एका परदेशी टीमसोबत हिंदी महासागराच्या पार दक्षिण टोकाला, अंटार्क्टिकाच्या अलीकडच्या एका बेटावर जायला मिळालं. चांगले काही महिने.

काम असं – पिल्लू पाजणारी मादी मासे धरायला समुद्रात जाते आणि कित्येक दिवस परतत नाही. तोवर पिल्लू खडकावर उपाशी. ती आली की हाक मारते, आणि शेकडो पिल्लांच्या कल्लोळातून तिचं एकटंच तिला ओ देतं. मग ती त्याचा वास घेते, खात्री करते, पाजते. दुसऱ्याचं पिल्लू जवळ आलं तर हाकलून लावते. सविता माद्यांच्या पाठीवर छोटं यंत्र चिकटवायची. मादी कुठवर गेली, किती खोल गेली, ते त्यातून कळतं. आणि आई नसताना पिल्लं किती वाळतात, ते बघायला त्यांचं वजन करायची. त्यातलं वजन करणं तेवढं माझ्या ओळखीचं.

"ओवीले सोडून कशी जाऊ रे?" ती म्हणाली होती.

"मी हाये ना. जा तू."

म्हणायला सोपं होतं. ती गेल्यावर घर इतकं गप्प झालं की कूलर बंद केला की मला भीती वाटायची. सॅटेलाइट फोनवर तिचा आवाज उशिरा पोचायचा. मग दोघं एकदम बोलायचो, दोघं एकदम थांबायचो. ओवी फोनच्या मागे वाकून बघायची. मी तिला सांगायचो – सीलची याडी मासे आणायला जाते ना, तशीच आपली याडी गेली आहे.

आमच्या भिंतीला भिंत लागून ताराकाकू राहतात, एकट्याच. ओवीवर जीव, पण सवितावर राग. "लेकरू टाकून कोनी जाते का बापा?" हे मी रोज ऐकायचो.

मे महिन्यात तिकडे वादळ झालं आणि फोन बंद पडले. त्याच सुमारास ओवीला ताप आला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, उतरेल. पण तिने खाणंच सोडलं. ताट सरकवायची आणि दाराकडे बघत बसायची. दुपारी डेपोतून फोन – काटा बिघडला, ट्रक रस्त्यापर्यंत लागले, या. काकूंना घरात बसवून मी गेलो.

थोड्या वेळानं काकूंचा फोन. आवाजात राग.

"मनोज, तुही बायको आली ना रे! मले सांगतलं काहून नाई?"

बाईक कशी चालवली, आठवत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मात्र थांबलो. तोंडावर कोळशाची काळी धूळ. इतक्या महिन्यांनी तिच्यासमोर असं कसं जायचं? बाटलीतलं पाणी घेऊन तोंड धुतलं, आरशात बघितलं... मग घरी गेलो.

ओवी गाढ झोपली होती. कपाळ थंड. काकू तांब्या घेऊन मधल्या खोलीत उभ्या.

"फोन कराले गेली तवा तं होती," त्या म्हणाल्या. "मी डोया लावला होता जरासा. जागी झाली तं सविता पोरीले मांडीवर घेऊन दूध-भाकर चारून राह्यली. अंगात नारंगी जाड कोट, एवढ्या उन्हात! केस ओले. मी म्हनलं, आली का वो? तं म्हने, काकू, लय दूरून आली, पोरगी झोपली की निघते."

मागचं दार आतून बंद होतं. पुढच्या दारात तर फोन करत काकूच उभ्या होत्या. तरी मी न्हाणीघर बघितलं, पलंगाखाली बघितलं. वाटीत दुधाचा ओघळ होता. आणि ओवीच्या केसांना वास येत होता – मिठाचा, माशांचा, ओल्या दगडाचा. वणीत समुद्र नाही हो.

संध्याकाळी ओवी उठली. "याडी कुठी गेली?" मी विचारलं.

"मासे आनाले," ती म्हणाली आणि भाकर मागितली.

तुम्हाला आता जे वाटतंय तेच मला वाटलं. असं भेटायला कोण येतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्या दिवसापासून सविताला नावं ठेवणं काकूंनी बंद केलं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. तिच्या संस्थेत फोन केला तर "संपर्क होत नाहीये" एवढंच. ओवी खेळायची आणि मी भिंतीला टेकून फोनकडे बघत बसायचो.

मग एका सकाळी फोन वाजला. "मनोज? ओवी कशी हाये?"

मला रडू आलं. ती जिवंत होती, धडधाकट होती. वादळभर सगळे झोपडीत अडकले होते. मी तिला सगळं सांगितलं.

"कोट नारंगी हाये," ती म्हणाली. "इथं आल्यावर भेटला. पन मी कुठीच गेली नाई रे. स्वप्नही नाई पडलं." आणि मग, अगदी बारीक आवाजात – "मी तिले मांडीवर घेतलं, अन् मलेच माहीत नाई?"

काकूंनी अर्धवट झोपेत स्वतःच भरवलं असेल, असं मी स्वतःला समजावून बघतो. मग तो कोट कुठून आला? मी तो पाहिलेला नव्हता, काकूंनी कुठून पाहावा?

सविता दिवाळीनंतर परत आली. अजूनही कधी कधी दुपारी ती काकूंकडे जाऊन बसते आणि तेच विचारते. मी दारातून ऐकतो.

"मी ओवीसंगं बोलत होती का वो?"

"नाई. नुसते तिचे केस हुंगून राह्यली होती तू."

"अन् मंग?"

"मंग मी फोन कराले दारात गेली."

"अजून थोडं पाहाचं होतं ना काकू," सविता म्हणते. "कोनी तरी पाहाचं होतं."