पेशंट मीच आहे

गेल्या रविवारी हडपसरच्या एका शाळेत मी जवळजवळ तासभर चुकीच्या खोलीत बसून होते. चूक माझी नव्हती... म्हणजे अर्धी तरी नव्हती.

आधी सरळ सांगून टाकते. मी दारू पिते. 'प्यायचे' म्हणायला अजून जीभ धजत नाही, कारण सोडून फक्त सतरा दिवस झालेत. वय सत्तेचाळीस, मार्केट यार्डाजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त तपासते. माझ्या लिव्हरचे रिपोर्ट कसे येणार, हे सुई टोचायच्या आधीच मला माहीत होतं.

नवरा सुपारीसुद्धा खात नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण या सगळ्यात ज्याला त्याला त्याच्याबद्दलच जाणून घ्यायचं होतं.

सुरुवात डॉक्टरांपासून. गोळ्या लिहून दिल्या, मनाने एकदम बंद करायची नाही म्हणून बजावलं, सगळं नीट समजावलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "मिस्टर घेतात का? त्यांच्यामुळे लागली असेल."

नाही हो डॉक्टर, माझी मीच लावून घेतली... ओठांवर आलं होतं. गिळलं.

दारू सोडणाऱ्यांच्या एखाद्या ग्रुपला जा, म्हणाले. कुठल्या, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मग मी शोधाशोध करून फोन लावायला सुरुवात केली.

पहिल्या फोनवर एक गृहस्थ. "पेशंट कोण, मिस्टर की मुलगा?" मी म्हटलं, मी. मग म्हणाले, "बायकांची आपल्याकडे सोय नाही, ताई." सोय म्हणजे नक्की काय? एक खुर्ची जास्त लागते, एवढंच ना?

दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, मिस्टरांना घेऊन या, त्यांची संमती असलेली बरी. इतकी वर्षं प्यायले, कुणाची संमती घेतली नाही. सोडायला मात्र लागते म्हणे.

सख्खी बहीण म्हणाली, "ग्रुपबिप नको गं. ओळखीचं कुणी भेटलं तर? घरच्या घरी सोड ना." घरच्या घरीच तर पीत होते...

तिसऱ्या नंबरवरच्या माणसाने काही न विचारता पत्ता दिला. रविवारी सकाळी अकरा वाजता, शाळेच्या तळमजल्यावर. नवरा सोबत येतो म्हणाला, मी नको म्हटलं. रिक्षाने गेले.

दारात इस्त्रीचा शर्ट घातलेले एक काका उभे होते. मला बघून अतिशय आदराने म्हणाले, "या ताई, फॅमिलीची मीटिंग शेजारच्या खोलीत." हातात चहाचा कप दिला. आणि मी गेले. मुकाट्याने. त्या काकांपेक्षा जास्त राग मला या गोष्टीचा आहे.

आत सात-आठ बायका मुलांच्या बाकांवर अवघडून बसल्या होत्या. सगळ्यांचे नवरे नाहीतर मुलगे शेजारच्या खोलीत. एकीने सांगितलं, नवरा पिऊन घरी आला की मुलं पुस्तकं उचलून शेजारी जातात. मला माझी मुलगी आठवली. आठ वाजले की ती हेडफोन लावते आणि खोलीचं दार लावून घेते... मी इतके दिवस समजत होते, कॉलेजचं वय आहे.

माझ्या शेजारी एक भाभी होती. नाव लिहीत नाही. नवऱ्याचा फळांचा व्यवसाय. त्याने सोडून अकरा महिने झाले, पण संध्याकाळी बेल वाजली की आजही ही दार उघडताना आधी त्याच्या तोंडाचा वास घेते.

मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. "तुमचे मिस्टर किती वर्षं पितात?"

"ते पीत नाहीत. मी पिते."

एकीने पर्स मांडीवर ओढून घेतली. भाभी मात्र सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "मग इतका वेळ आमचं कशाला ऐकत बसलात?"

"मला इथे बसवलं. आणि उठायची हिंमत झाली नाही."

ती उठली. "मला पिणाऱ्या माणसांचा राग येतो. तुमचाही येतोय. पण चला."

शेजारचं दार तिनेच वाजवलं. काकांना म्हणाली, "ही फॅमिली नाही, पेशंट आहे. आत घ्या."

"भाभी, आत सगळे पुरुष आहेत हो..."

"मग? यांना काय त्यांच्यात सोयरीक जमवायचीय?"

काका बाजूला झाले. आत चौदा-पंधरा पुरुष. एकाने खुर्ची सरकवली. शेवटची वीस मिनिटं उरली होती, त्यात मी फक्त नाव सांगितलं आणि दिवस सांगितले... दहा. कुणी पुढचं विचारलंही नाही.

बाहेर आले तर भाभी पायरीवर बसलेली. तिचा नवरा माझ्या आधीच बाहेर पडून बाईककडे गेला होता, तरी ती उठली नव्हती.

"बोललात?"

"नाव सांगितलं."

"पुढच्या रविवारी या. मी बाहेर बसते." एवढं म्हणून गेली. हसली नाही.

आज तिथूनच आले. ती बसली होती. तिचा राग गेलेला नाही, चेहऱ्यावर दिसतो, आणि तो तिने का सोडावा? प्रेमाने समजावून आपापल्या घरी जाणारे मला पुष्कळ भेटले. रागावूनही थांबलेली ही पहिलीच... तिचे आभार तोंडावर मानता आले नाहीत, म्हणून इथे मानतेय.