चैत्रातली कानटोपी

स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी असोद्याच्या शालिग्रामभाऊंनी लष्कराच्या लिलावातली एक फटफटी आणली. गावच्या बागाईतदारांची केळी धुळ्याच्या व्यापाऱ्यांना ठरवून द्यायची, हा त्यांचा धंदा. आधी बैलगाडी, मग आगगाडी, मग मोटार, असल्या हेलपाट्यांनी जीव मेटाकुटीला यायचा. फटफटी आली आणि सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीच्या आत घरी यायला लागला. धुरपदाबाईंनी तिला कुंकू लावलं, नारळ फोडला, रामरायाला हात जोडले.

पण थोड्याच दिवसांत बाईंच्या ध्यानात आलं, की माणूस घरी येतो, त्याचे कान मात्र धुळ्यालाच राहतात. आल्यावर भाऊंच्या डोक्यात रातकिडे ओरडायचे. भाजीत मीठ कमी आहे हे ते एवढ्या मोठ्यानं सांगायचे, की दोन घरं पलीकडची भागाबाई वाटीत मीठ घेऊन दारात उभी राहायची. बाईंनी मग हातवारे सुरू केले. सासूबाईंना वाटलं, सुनेनं मौनव्रत धरलं.

एवढ्यानं काही बिघडलं नसतं. पण शालिग्रामभाऊ राममंदिराचे पखवाजी होते. मिसरूड फुटलं तेव्हापासून रामनवमीच्या जन्माच्या कीर्तनाला त्यांचाच हात पखवाजावर असायचा. वर्षभर केळीचा भाव करणारा हा माणूस त्या दुपारी देवाच्या पुढ्यात बसला, की बाईंना तो वेगळाच दिसायचा.

पाडव्याला भजनाची तालीम बसली. भाऊंनी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावली, उजव्याचा सूर लावायला लाकडी गट्टे ठोकले, मान हलवली आणि म्हणाले, "लागला!"

पेटीवर झुलालनाना होते. मंडळीतले सर्वांत वडील. त्यांनी सूर धरला, ऐकलं, परत धरला.

"शालिग्राम, माही पेटी कोठी अन् तुहा पखवाज कोठी!"

"काय म्हणता नाना? जोरात बोला!"

मंडळी हसली. नाना हसले नाहीत. "नवमीपर्यंत कान ठिकाणावर आण. नहीतं जीवराम बसीन पखवाजावर."

जीवराम म्हणजे भाऊंचा चुलतभाऊ. तो पखवाज वाजवायचा तेव्हा कुणी गादीतला कापूस पिंजतंय असं वाटायचं. पण त्याला ऐकू येत होतं, एवढं खरं.

भाऊ त्या रात्री जेवले नाहीत. सगळा दोष त्यांनी मशीनला दिला. फटफटीच्या धुराड्याला ओलं गोणपाट गुंडाळलं, तर वाटेतलं पाळधी गाव यायच्या आतच त्याचा कोळसा झाला. मग त्यांची नजर परातीतल्या कणकेवर गेली. जी कणीक पखवाजाचा आवाज दाबते, ती कानाचा का नाही दाबणार? दोन गोळे केले, दोन्ही कानांत बसवले, वरून चांगले थापले आणि निघाले.

जाताना स्वर्गसुख वाटलं. पण चैत्राचं ऊन आणि समोरून येणारी झळ! धुळ्यात पोचेपर्यंत कणीक खडखडीत झाली होती. व्यापारी बघतच राहिला. "शालिग्रामभाऊ, तुमना कानमा काय शे हे? कणीकन्या बट्ट्या भाजी राह्यनात का?" भाऊंना काहीच ऐकू आलं नाही. ते नुसतं हसून "हो हो" म्हणाले.

जळगावच्या डॉक्टरांनी तेल सोडून सोडून, पिचकारीनं कोमट पाणी मारून ते गोळे काढले. "पुन्हा आत काही कोंबाल तर पडदा फाटेल," ते म्हणाले. "कापूस मेणात भिजवा, मऊ बोळा करा, नुसता तोंडाशी बसवा. आणि आवाज कमी करा. नाहीतर हे रातकिडे कायमचं बिऱ्हाड करतील."

"मशीनचा आवाज कसा कमी करू?" भाऊंनी विचारलं. ते डॉक्टरांना कुठं ठाऊक!

ते ठाऊक झालं धुरपदाबाईंना. धुळ्याच्या देवपुरात दिलेल्या बहिणीला भेटायचं आणि सोनगीरहून पितळेची समई आणायची, म्हणून त्या पहिल्यांदाच फटफटीवर बसल्या. एका हातानं भाऊंची बंडी, दुसऱ्या हातानं पदर, तोंडात रामनाम. सोनगीरच्या अलीकडे उतार लागला. उतार आला की भाऊ पेट्रोल वाचवायला मशीन बंद करत. तशी त्यांनी ती केली आणि गाडी घरंगळू लागली. बाईंनी जरा मान बाहेर काढली, तर कानाशी नुसता घोंगाट.

"आहो, मशीन बंद आहे ना?" त्या ओरडल्या.

"बंद आहे!"

"मंग हे कोण बोंबलू राह्यलं?"

बाईंनी मान परत भाऊंच्या पाठीआड घेतली. सगळं शांत. बाहेर काढली, पुन्हा घोंगाट. आत, बाहेर, आत, बाहेर. आणि भाऊंच्या डोक्याच्या रुमालाची दोन टोकं त्यांच्याच कानांवर फडाफडा वाजत होती, ते वेगळंच.

"थांबवा गाडी!" बाई म्हणाल्या. "मशीनचं काही नही. हे वारं आहे!"

भाऊंना पटलं, पण त्यांनी वाऱ्यावरचा उपाय आपल्या डोक्यानं काढला. घरातलं सूप हँडलला उभं बांधलं. सुपानं वारं छातीवरून अडवलं आणि तेवढंच्या तेवढं उचलून कपाळावर आणून टाकलं. घोंगाट दुप्पट झाला. शिवाय एरंडोलच्या बाजारात पोरं मागं धावली, "दाणे पाखडू देता का बाबा?"

तेव्हा बाईंनी जुन्या लोकरी धाबळीची कानटोपी शिवली. कानांपाशी दुहेरी पदर, हनुवटीखाली घट्ट बंद, एक टोक लोंबत नाही. बरोबर मेणाचे बोळे.

"चैत्रात कानटोपी?" भाऊ उडालेच. "गाव म्हनीन, हा काय बाळंत झाला!"

"म्हनू द्या. अन् गाडी जरा हळू हाका. वारं तुमच्यामागं लागत नही, तुम्हीच त्याच्यावर धावून जाता."

"मी घालणार नही."

"मग जीवरामले निरोप धाडू?"

भाऊंनी टोपी घातली. पारावर जे व्हायचं ते झालंच. कुणी डिंकाच्या लाडवांची चौकशी केली, कुणी पाचवी कधी पुजायची ते विचारलं. भाऊ बंद आवळून घ्यायचे आणि हळू गाडी हाकत निघून जायचे. दोन-तीन दिवसांतच रातकिडे पातळ झाले. भागाबाईची मिठाची वाटी घरीच राहू लागली.

नवमीच्या उपासाला केळ्यांची मागणी मोठी, म्हणून आदल्या दिवशी भाऊंना धुळ्याला जावंच लागलं. मुक्काम पडला. नवमीला ऊन डोक्यावर येत चाललं तरी माणसाचा पत्ता नाही. बाई मंदिरात बायकांत बसल्या होत्या, डोळे रामाकडे, कान रस्त्याकडे. इकडे जीवराम पखवाज मांडीवर घेऊन बसलासुद्धा. पाळणा फुलांनी सजला होता, कीर्तनकार बुवा उभे राहिले होते.

तेवढ्यात बाहेर फटफट थांबली. धुळीनं भरलेले भाऊ तसेच आत आले, देवाला नमस्कार करून बसले, टोपीखालून कानांतले बोळे काढून खिशात टाकले. जीवरामनं एक थाप दिली.

"उतरलाय," भाऊ म्हणाले.

"अरे, आत्ताच लावला मी!"

"उजव्या अंगाला. केसभर."

झुलालनाना पेटीवर सूर धरून बसले. भाऊंनी हातोडी घेतली, एक गट्टा जरासा ठोकला, थाप दिली. मान हलवली. दुसरा ठोकला. परत थाप दिली, आणि पेटी आणि पखवाज असे मिळाले, की मागच्या बायकांतही कुजबुज थांबली.

"सरक रे जीवराम," नाना म्हणाले.

कीर्तन रंगलं. बुवांनी जन्माचं आख्यान लावलं आणि मध्येच पखवाजाकडे बघून थांबले. भाऊ घाईत टोपी काढायलाच विसरले होते. घामाच्या धारा गळ्यापर्यंत आल्या होत्या, आणि बंद तसाच हनुवटीखाली.

"कौसल्येला कळा अजून यायच्या आहेत," बुवा म्हणाले, "पण आमचे पखवाजी आधीच मोकळे झाले!"

सगळा मंडप हसला. बाईंना पदरात तोंड लपवावं लागलं. भाऊंचा हात मात्र ठेक्यावरून हलला नाही. मान खाली घालून ते हसत होते. उजवीकडून नाना खोकत हसत होते, मागून भागाबाईचं चिरकं हसू येत होतं, खांबाआडून जीवरामचं दबकं, आणि बायकांच्या कोपऱ्यातून बांगड्यांच्या किणकिणीसकट एक ओळखीचं. सगळी सगळी त्यांना वेगवेगळी ऐकू येत होती.